फटफटीची शिदोरी

मराठी भाषेने घोड्याच्या पाठीवरून पुष्कळ शब्द उतरवून घेतले आहेत. ‘खोगीरभरती’ हा त्यांपैकीच एक. खोगीर फुगीर आणि मऊ व्हावे म्हणून त्यात चिंध्या, लोकर, असेच काही सटरफटर कोंबीत, ती खोगीरभरती. पुढे कोणत्याही कार्यात नुसती जागा अडविणाऱ्या माणसांना आणि वस्तूंना तेच नाव मिळाले. याच्या नेमका उलट शब्द म्हणजे शिदोरी. शिदोरी थोडी असते, निवडून बांधलेली असते आणि वाटेत कामास येते. दूरच्या आडवाटेला निघालेल्या स्वाराने बरोबर काय घ्यावे, हा प्रश्न या दोन शब्दांच्या मधोमध उभा आहे. घोड्याच्या जागी यंत्र आले, तोबऱ्याच्या जागी पेट्रोलची टाकी आली, नालबंदाच्या जागी मिस्त्री आला, तरी तो प्रश्न जुना झालेला नाही.

बंगळूर शहर आणि स्वार यांचा संबंध मराठी श्रोत्याला नवा नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे ठाणे केंपेगौडांच्या वंशजाकडून घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्या काळचा घोडेस्वार जी खुर्जी बांधून निघे, तिच्यात दाणा, दोर आणि थोडी भाकरी असे. घोड्याचा नाल निसटला तर लोहार गाठावा लागे. पण लोहार बहुतेक प्रत्येक मोठ्या गावात होता. ही गोष्ट पुढच्या कथेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बरोबर काय घ्यावयाचे, हे वाट किती लांब आहे यावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक वाटेवर कोण भेटणार आहे यावर अवलंबून असते.

मोटारसायकलीचा जन्म झाला तेव्हा वाटेवर कोणीच भेटत नसे. गॉटलिब डाइमलरने १८८५ मध्ये लाकडी सांगाड्यावर आपले इंजिन बसविले, त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे स्वार हाच मिस्त्री होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेचे निरोपे ज्या ट्रायम्फ ‘मॉडेल एच’ गाडीवर धावत, तिचे इंजिन ५५० घनसेंटिमीटरचे होते. इंजिनापासून गियरपर्यंत साखळी होती, पण तेथून मागच्या चाकापर्यंत शक्ती नेण्याचे काम पट्ट्याकडे होते. चिखल झाला की पट्टा घसरे, ताणला की सैल पडे, आणि कधी सांध्यावर तुटे. म्हणून जादा पट्टा आणि तो जोडण्याचे धातूचे आकडे ही त्या स्वाराची पहिली शिदोरी. दिवा ॲसिटिलीन वायूवर जळे, तेव्हा कार्बाइडचे खडे हवेत आणि त्यांवर ठिबकवावयाचे पाणीही हवे. पेशव्यांचा सांडणीस्वार जितके सामान घेऊन पत्र पोहोचवीत असेल, त्याहून या यांत्रिक सांडणीस्वाराचे सामान काही कमी नव्हते.

त्यात पान्यांचा घोळ निराळाच. सर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवून दिले. त्या पद्धतीत पान्यावर जो आकडा असे तो बोल्टच्या जाडीचा, त्याच्या माथ्याच्या रुंदीचा नव्हे. युरोप खंडातील मेट्रिक पान्यावर मात्र माथ्याचीच रुंदी लिहिलेली असते. एका पद्धतीचा पाना दुसऱ्या पद्धतीच्या बोल्टला बसल्यासारखा वाटतो, जोर दिला की घसरतो, आणि बोल्टचे कोपरे गोल होऊन बसतात. निर्जन जागी कोपरे गोल झालेला बोल्ट म्हणजे किल्ली हरवलेले कुलूप. यावरून एक साधा नियम निघाला, आणि तो आजही जुने जाणते स्वार नव्या पोरांना सांगतात: पान्यांचा संच दुकानातून विकत घेऊ नये, तो गाडीवरून उतरवून घ्यावा. अंगणात बसून गाडीचा एकेक बोल्ट सोडवावा, ज्या पान्याची गरज पडली तो बाजूला ठेवावा. ज्याला हात लागला नाही तो घरीच राहू द्यावा.

हा विवेक प्रत्येकाला साधला असे नाही. थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेनकिरन या दोन इंग्रज स्त्रिया डिसेंबर १९३४ मध्ये लंडनहून केपटाउनला निघाल्या. गाडी ६०० घनसेंटिमीटरची पँथर. तिला साइडकार जोडलेली, आणि मागे सामानाचा गाडा. सहाराच्या वाळूत हे सारे लटांबर पुन:पुन्हा रुतले आणि पुन:पुन्हा खणून काढावे लागले. जुलै १९३५ मध्ये त्या केपटाउनला पोहोचल्या हा त्यांच्या जिद्दीचा भाग. गाड्याची त्यात मदत किती आणि अडचण किती, याचा हिशेब वाचकाने आपापल्या मनाशी करावा. त्याच्या अकरा वर्षे आधी, १५ ऑक्टोबर १९२३ रोजी, मुंबईहून सहा पारशी तरुण साध्या सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते. त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये परत आले.  जे पायांनी ओढावयाचे, ते माणूस तोलून-मापून घेतो.

स्वतंत्र भारतात मात्र फटफटीच्या शिदोरीची कथा वेगळ्या वळणाने गेली, आणि त्या वळणावर बंगळूर येते. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी एन्फील्ड बुलेट पत्करली आणि १९५५ पासून ती मद्रासजवळ तयार होऊ लागली. १९६१ मध्ये म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना उघडला. बंगळूरहून तो जेमतेम दीडशे किलोमीटरवर. खुद्द बंगळुरात १९५१ साली स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘मायको’चा, कारखाना अडुगोडी भागात उभा राहिला आणि तेथला स्पार्क प्लग देशभर गेला. भारतीय स्वाराने खिशात, टूल बॉक्समध्ये, प्रसंगी रुमालाच्या गाठीत जपून नेलेली वस्तू कोणती, असे विचारले तर उत्तर एकच येईल: जादा प्लग.

त्याचे कारण जावा आणि पुढे येझदी यांसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या पोटात होते. त्यांचे पेट्रोल वंगणाचे तेल मिसळूनच टाकीत जाई. तेल जास्त झाले की जळताना काजळी धरे, ती प्लगच्या दोन टोकांमध्ये बसे, ठिणगी पडेनाशी होई आणि गाडी घाटाच्या ऐन मध्यावर रुसे. मग प्लग पान्याने प्लग काढावयाचा, तारेने खरवडावयाचा, पॉलिश पेपरने घासावयाचा, आणि हात पोळत असतानाच परत बसवावयाचा. दुसरे दुखणे पॉइंटचे. इग्निशनचे ते दोन इवलेसे संपर्कबिंदू काळे पडले की त्यांवरही तोच कागदाचा कपटा फिरे. क्लचची वायर तुटे, ॲक्सिलरेटरची वायर तुटे. जावाच्या दोन्ही बाजूंना किल्लीने बंद होणाऱ्या पेट्या होत्या. त्यांपैकी एकीत हा सगळा संसार मावे. चार पाने, एक पक्कड, डिसमिस, प्लग, वायर, कागद, चिंधी. त्या पेटीतील वस्तूंवरून गाडीच्या सगळ्या खोडी वाचता येत असत.

पण गंमत अशी की, हे सामान मावत असूनही हळूहळू पेटी रिकामी होऊ लागली. कारण रस्त्यावर माणसे आली. प्रत्येक नाक्यावर पंक्चरवाला बसला, प्रत्येक तालुक्याला बुलेटचा मिस्त्री झाला. बंगळुरात तर जे. सी. रोडवर सुट्या भागांची दुकाने ओळीने लागली, आणि शिवाजीनगरच्या जुन्या बाजारात मोडलेल्या गाड्यांचे अवयव मिळू लागले. ज्या शहरात कोणताही भाग चालत जाऊन आणता येतो, तेथला स्वार शिदोरी कशाला बांधील? कारखान्याने दिलेले पाने पहिल्या वर्षातच कोणाकडे तरी उसने जात आणि तिकडचेच होत. टूल बॉक्समध्ये गाडीची कागदपत्रे आणि पावसाळी टोपी राहू लागली. सोय माणसाची जाण कमी करते असे म्हणणे कदाचित अन्यायाचे होईल. पण सोय हातांचा सराव कमी करते, एवढे म्हणावयास हरकत नाही.

हा सराव परत मिळविण्याची वेळ आली ती डांबरी रस्ता सोडल्यावर. बंगळूरच्या पूर्वेस कोलारकडे खडकाळ टेकड्या आहेत, पश्चिमेस सकलेशपूर-बिसलेच्या बाजूला घाटातील लाल मातीच्या चिखलवाटा आहेत. अशा वाटांवर गाडी पडतेच. प्रश्न फक्त कितीदा, एवढाच. आणि पडणाऱ्या गाडीवर सामान कोठे बांधावे, हा प्रश्न काय बांधावे याच्या आधी येतो. मागच्या कॅरियरवर बांधलेले पाच-सात किलो वजन खड्ड्याखड्ड्यांत उसळते, मागची जोडचौकट वाकविते आणि अखेरीस तिला तडा पाडते. तेच वजन पाठीवरच्या पिशवीत घेतले तर गाडी सुखी होते, पण स्वार पाठीवर आपटला की पान्यांचा तो गठ्ठा कण्याच्या मणक्यांत घुसतो. पाठीवर लोखंड नको, तेथे पाणी असावे, हा धडा पुष्कळांनी महाग किंमत देऊन घेतला आहे. म्हणून जाणते स्वार जड हत्यारे खाली आणि मध्यभागी ठेवतात: इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याच्या कप्प्यात, किंवा टाकीच्या दोन्ही अंगांना. लिव्हरसारख्या लांबट वस्तू चौकटीला चिकटपट्टीने बांधून टाकतात. नवी वायर तर जुन्या वायरीला लागूनच आधीपासून ओवून ठेवतात. जुनी तुटली की टोक सोडावयाचे आणि नवे अडकवावयाचे, काम पाच मिनिटांत होते.

येथे युक्तीला वाव फार. आडवाटेच्या गाडीचे पुढचे चाक बहुधा २१ इंचांचे आणि मागचे १८ इंचांचे असते. दोन ट्यूब घेण्याऐवजी एकच २१ इंची ट्यूब घ्यावी. अडल्या वेळी ती मागच्या चाकातही दुमडून बसते आणि गाव गाठेपर्यंत टिकते. उलट केले तर ते जमत नाही. पेट्रोलची टाकी दगडाला लागून झिरपू लागली तर अंगाचा साबण मळून छिद्रावर दाबावा. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. इंजिनाच्या कवचाला भोक पडले तर एम-सीलसारखा लांबीचा गोळा कामास येतो, मात्र तो लावण्यापूर्वी तेलाचा अंश पुसून काढला पाहिजे. चिकटपट्टीचे पूर्ण रीळ घेऊ नये; टायर काढण्याच्या पट्टीवरच दोन हात गुंडाळून ठेवावी. साखळीचा एक जोडदुवा, दोन फ्यूज, थोडी तार. आणि हे सर्व एका जाड कापडात वेगवेगळे गुंडाळलेले हवे, कारण खडबडीत वाटेवर मोकळे पडलेले पाने एकमेकांना घासून आठ दिवसांत काळी भुकटी करतात, आणि ती भुकटी नव्या प्लगच्या आट्यांत जाऊन बसते.

परंतु घाट कितीही बिकट असला तरी त्याच्या पायथ्याशी गाव असते. जेथे गावच नाही, तेथे या शिदोरीची खरी परीक्षा झाली. थिअरी साबीन नावाचा फ्रेंच स्वार १९७७ च्या जानेवारीत आबिजान ते नीस या शर्यतीत लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला आणि मरता मरता वाचला. दुसरा कोणी असता तर वाळवंटाला हात जोडून घरी बसला असता. याने तेथेच लोकांना घेऊन जाण्याची शर्यत काढली: पॅरिस ते डकार. २६ डिसेंबर १९७८ रोजी ती प्रथम निघाली, आणि १९७९ च्या जानेवारीत सिरिल नेव्हू हा ५०० घनसेंटिमीटरच्या यामाहा मोटारसायकलीवर ती जिंकला. पुढे मोठमोठे संघ आले. त्यांच्या मालमोटारी, त्यांचे मिस्त्री रात्रीच्या तळावर थांबू लागले. तरी दिवसभराच्या टप्प्यात स्वार एकटाच असतो. बाहेरच्या माणसाने हात लावावयाचा नाही. मदत करावयाची तर शर्यतीतल्याच दुसऱ्या स्पर्धकाने. आणि एक वर्ग असा राहिला की ज्याच्यापाशी मिस्त्री मुळीच नाही. फ्रेंच भाषेत पेटीला ‘माल’ म्हणतात, म्हणून हा ‘माल मोटो’ वर्ग. आयोजक प्रत्येक स्वाराची एक ८० लिटरची पेटी, तंबू, झोपण्याचे सामान आणि चाके-टायर पुढच्या तळावर पोहोचवितात. बाकी सारे काम त्याने स्वतः, दहा-बारा तास गाडी हाकून आल्यावर, रात्री बॅटरीच्या उजेडात करावयाचे. दोन आठवड्यांच्या शर्यतीचा सगळा भरवसा ८० लिटरांत. तिच्यात खोगीरभरतीला जागा नाही.

या डकार शर्यतीत उतरलेला पहिला भारतीय मोटारसायकलस्वार बंगळूरचा सी. एस. संतोष. मातीच्या बंदिस्त धावपट्टीवरील मोटोक्रॉस शर्यतींत तो वाढला, हिमालयातील लांब पल्ल्याच्या शर्यतींत तावून-सुलाखून निघाला, आणि जानेवारी २०१५ मध्ये आर्जेन्टिना, चिली आणि बोलिव्हिया या देशांतून जाणारी सुमारे ९,००० किलोमीटरची डकार शर्यत त्याने केटीएम गाडीवर पुरी केली. क्रमांक ३६ वा. शर्यत २००९ पासून दक्षिण अमेरिकेत गेली होती. मोटोक्रॉसच्या शर्यतीत गाडी बिघडली तर ढकलत दोनशे मीटरवरच्या मिस्त्रीकडे न्यावयाची असते. डकारला ढकलण्यासाठी दिशाच नसते. जे. सी. रोडच्या शहरातून आलेल्या स्वाराला तेथे गाडीवरचा इंजिनाखालचा लहानसा कप्पा हेच जे. सी. रोड.

त्या २०१५ च्या शर्यतीत शिदोरीची मर्यादाही दिसून आली. बोलिव्हियातील उयुनी येथे समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून उंचावर मिठाचे अफाट मैदान आहे. पावसाने ते भिजले होते, आणि त्या खारट पाण्यातून भरधाव गेलेल्या गाड्यांच्या विजेच्या जोडण्यांत मीठ शिरले. ते सुकून पांढरे पापुद्रे झाले. शर्यतीत आघाडीवर राहिलेला स्पेनचा जोआन बारेडा याची गाडी बंद पडली. त्याच्याकडे पाने होते, कसबही होते. पण मिठाने खाल्लेल्या विद्युत्-यंत्रणेला पान्याने काय करावयाचे? त्याच्याच संघातील चिलीचा जेरेमियास इस्रायल याने आपल्या गाडीला बांधून त्याला ओढत नेले. बारेडाचे विजेतेपद त्या मैदानातच राहिले.

जुन्या पॉइंटला कागदाच्या कपट्याने जाग येई. आज पॉइंट नाहीत. कार्ब्युरेटरही जवळजवळ गेला. भारतात १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे भारत स्टेज सहा नियम लागू झाले आणि साध्यासुध्या फटफटीतही इंधन मोजून सोडणारे संगणकी यंत्र आले. बिघाड कमी झाले, यात शंका नाही. पण जो उरला, तो हाताने दुरुस्त न होणारा उरला. त्यामुळे शिदोरीतून पॉलिश पेपर गेला आणि फ्यूज, विजेच्या जोडण्या कोरड्या ठेवणारा फवारा, क्वचित एखादा जादा इंधनपंप आत आला. पूर्वीचे सामान दुरुस्तीचे होते, आताचे बदलण्याचे आहे. तरी सुटलेला बोल्ट, वाकलेली लिव्हर, फाटलेली ट्यूब, या गोष्टी १९१५ सालच्या स्वाराला जशा भेटत तशाच आजच्यालाही भेटतात. आठ, दहा, बारा आणि तेरा मिलिमीटरचे पाने अजून कापडातच आहेत.

२०२० मध्ये डकार शर्यत सौदी अरेबियात आली. तिसऱ्या टप्प्यात भारतीय हीरो संघाचा पोर्तुगीज स्वार पाउलो गोन्साल्विस याचे इंजिन निकामी झाले. तो तासन्‌तास वाळवंटात थांबला, दुसरे इंजिन आल्यावर ते त्याने तेथेच स्वतःच्या हातांनी बसविले, आणि उशिरा का होईना, टप्पा पुरा केला. पान्यांच्या एवढ्याशा गुंडाळीचा याहून मोठा उपयोग क्वचितच कोणी केला असेल. १२ जानेवारीला, सातव्या टप्प्यात, तो पडला आणि त्यातच त्याचा अंत झाला. त्याच्यापाशी थांबला तो ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस, प्रतिस्पर्धी संघाचा. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी २०२१ रोजी, वादी अद्-दवासीर ते रियाध या टप्प्यात संतोषही पडला. डोक्याला मार बसला, आणि त्याला हवेतून रियाधच्या रुग्णालयात नेऊन औषधांनी बेशुद्ध ठेवावे लागले. तो वाचला आणि परतला. कोलारजवळच्या खडकाळ माळावर त्याने उभारलेल्या ‘बिग रॉक’ तळावर आडवाटेची मोटारसायकल शिकू इच्छिणारे शिकावयास येतात.

अशा नवशिक्यांची पहिली गुंडाळी उघडून पाहिली, तर तीत बहुधा सगळे काही असते. खरे तर जरा जास्तच असते. चकचकीत पाने, दोन पकडी, हातपंप, कधी हातोडीसुद्धा. दोन-तीन फेऱ्यांनंतर हातोडी घरी राहते, कारण तिचे काम वाटेतला दगड करतो. दुसरी पक्कडही गळते. आणि एक वस्तू, जी पहिल्या दिवशी कोणाच्याच ध्यानात येत नाही, ती आत येते: अडीच-तीन मीटरचा, मुठीत मावेल एवढा घडी केलेला, नायलॉनचा ओढपट्टा. त्या सगळ्या सामानात स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी नसलेली अशी तेवढी एकच वस्तू असते. त्याचे एक टोक आपल्या पायाखालच्या पेगला गुंडाळावयाचे आणि दुसरे मागच्याच्या. गाठ मारावयाची नाही, नुसता पायाने दाबून धरावयाचा, म्हणजे कोणी तोल गमावला तर पट्टा आपोआप सुटतो आणि दोघेही पडत नाहीत.